वॉस्डेलला थांबवलेलं घड्याळ

ब्रिटनमध्ये ‘थ्री पीक्स चॅलेंज’ नावाचं एक वेड आहे. स्कॉटलंड, इंग्लंड आणि वेल्स या तिन्ही ठिकाणचं सगळ्यांत उंच शिखर, एकापाठोपाठ एक, 24 तासांत गाठायचं. बेन नेव्हिस 1345 मीटर, स्कॅफेल पाइक 978 मीटर आणि स्नोडन 1085 मीटर. पायी चाल साधारण 37 किलोमीटर, एकूण चढ तीन हजार मीटरच्या वर, आणि मधला गाडीचा प्रवास सुमारे 740 किलोमीटर. दर उन्हाळ्यात हजारो लोक हे करतात. बरेचसे गट कुठल्या ना कुठल्या संस्थेसाठी पैसे उभे करायला निघालेले असतात: ओळखीपाळखीतल्या लोकांनी देणगी द्यायची, आपण डोंगर चढायचे.

आमचा गट दोन वर्षांपूर्वी जूनच्या शेवटच्या आठवड्यात गेला. तीनपैकी दोन शिखरं झाली, 24 तास हुकले, आणि स्कॅफेल पाइकच्या अर्ध्या वाटेवरून सहाच्या सहा जण परत फिरलो. अपघात झाला नाही. म्हणूनच हे सगळं तपशिलात लिहून ठेवावंसं वाटलं. अपघात झाला असता तर चार लोकांनी चौकशी केली असती. होता होता टळलं की सगळे सुस्कारा टाकतात, फोटो पाठवतात आणि विसरतात.

गट

गट जमला तो वहिनींमुळे. आदल्या नोव्हेंबरात त्या गेल्या. शेवटचे पाच आठवडे त्या आमच्या गावातल्या हॉस्पिसमध्ये होत्या. हॉस्पिसमध्ये आजार बरा करायला नेत नाहीत. तिथे दुखणं कमी करतात आणि माणसाला माणसासारखं जाऊ देतात. तिथल्या नर्सने वहिनींचे केस विंचरण्याआधी तेल लावू का, कुठलं लावू, हे विचारून घेतलं होतं. हे दादांनी आम्हाला निदान दहा वेळा सांगितलंय. या देशात हॉस्पिस रुग्णाकडून पैसे घेत नाही आणि त्याच्या खर्चाचा मोठा भाग लोकांच्या देणग्यांतून भागतो. दादांना त्याची थोडी तरी परतफेड करायची होती.

दादा मूळचे सातारचे, वय 52. आमच्यात सगळ्यांत मोठे, म्हणून सगळ्यांचेच दादा. कशाला नाही म्हणणं ठाऊक नाही, काहीही विचारा, उत्तर एकच: “चालतंय की.” त्यांची लेक 21 वर्षांची, विद्यापीठात शिकणारी. मी आणि माझा नवरा. ऑफिसमधले दोन तरुण सहकारी, एक नाशिकचा, मॅरेथॉन पळणारा, दुसरा नागपूरचा. चढणारे असे सहा जण. गाडी चालवायला वहिनींचे भाऊ, म्हणजे लेकीचे मामा, आणि त्यांचे एक मित्र. हे दोघे डोंगर चढणार नव्हते. चढणाऱ्याने गाडी चालवायची नाही, हे आम्ही पहिल्याच दिवशी ठरवलं होतं, आणि या मोहिमेतला आमचा सगळ्यांत शहाणा निर्णय तोच होता. गाडी नऊ आसनी घेतली. इथे साध्या कारच्या परवान्यावर ड्रायव्हर धरून नऊ जणांपर्यंतचीच गाडी चालवता येते.

वाट दाखवायची जबाबदारी माझ्याकडे होती, कारण कॉलेजपासून मी सह्याद्रीत भटकलेली. राजगड, तोरणा, हरिश्चंद्रगड, कळसूबाई, सगळं पावसाळ्यातही केलेलं. कळसूबाई 1646 मीटर, बेन नेव्हिस त्याहून तीनशे मीटरने बुटका. हा आकडा मी गटाला धीर द्यायला वापरला, आणि तिथेच माझी पहिली चूक झाली. कळसूबाईच्या पायथ्याचं बारी गाव मुळातच उंचावर आहे. बेन नेव्हिसची वाट जवळजवळ समुद्रसपाटीपासून सुरू होते, म्हणजे सगळेच्या सगळे 1300 मीटर पायांनी कमवायचे. दुसरी गोष्ट आणखी महत्त्वाची. आपला पाऊस उबदार असतो. जुलैत राजगडावर आपण ओलेचिंब होतो, हसतो, खाली येऊन कांदाभजी खातो. “भिजलं तर भिजलं” हे माझ्या हाडात मुरलेलं. स्कॉटलंडच्या डोंगरावर जूनमध्येही भिजलेला माणूस वाऱ्यात तासाभरात गारठू शकतो, हे मी वाचलं होतं, पण अंगाला ठाऊक नव्हतं.

कागदावरचं वेळापत्रक

थ्री पीक्सचं जे वेळापत्रक सगळीकडे सांगितलं जातं ते असं: बेन नेव्हिस पाच तास, मग गाडीने सहा तास, स्कॅफेल पाइक चार तास, गाडीने पाच तास, स्नोडन चार तास. बेरीज करा. बरोबर 24.

यात डिझेल भरायला वेळ नाही. शौचालयाच्या रांगेला नाही. ओले मोजे बदलायला नाही. आम्ही सहा सुशिक्षित माणसं महिनाभर तो तक्ता भिंतीवर लावून बसलो होतो आणि कुणीही म्हटलं नाही की यात श्वास घ्यायलासुद्धा जागा नाही. “होऊन जाईल” असंच सगळे धरून चाललो.

सुरुवात शनिवारी संध्याकाळी पाचला ठरवली. त्यामागे एक कारण होतं. स्कॅफेल पाइकच्या पायथ्याचं वॉस्डेल हेड हे मूठभर घरांचं गाव, अरुंद रस्त्याच्या टोकाला. उन्हाळ्यातल्या दर शनिवारी मध्यरात्री तिथे गाड्या येतात, दारं आपटतात, हेडलाइट घरांच्या खिडक्यांवर पडतात, शौचालय सापडलं नाही की लोक भिंतीआड बसतात. तिथल्या माणसांनी हे वर्षानुवर्षं सोसलंय. आपण उजाडताना पोचू, म्हणजे कुणाची झोपमोड होणार नाही, एवढा विचार आम्ही केला होता. तो बरोबरच होता.

सराव घराजवळच्या चिल्टर्न टेकड्यांवर केला. त्या तीनशे मीटरच्या आतल्या. म्हणून एप्रिलमध्ये एकदा दक्षिण वेल्समधल्या पेन-अ-व्हॅनवर गेलो, 886 मीटर, गार वाऱ्यात. त्या दिवशी दादा आले नाहीत. ऑफिसचं काम आहे म्हणाले. खरं कारण आम्हाला माहीत होतं, वहिनींचा वाढदिवस त्याच आठवड्यात होता. कुणी काही बोललं नाही. नंतरही कुणी विचारलं नाही की दादा, तुम्ही एकटे कुठे चढून आलात का, नव्या बुटांत किती चाललात, गुडघा कसा आहे. ज्याच्या दुःखासाठी आपण निघालोय त्याची परीक्षा घेतल्यासारखं वाटायचं. आज मला वाटतं, या सगळ्या प्रकरणाचं मूळ त्या न विचारण्यात आहे. वेळापत्रक, पाऊस, धुकं ही नंतरची कारणं. आम्ही दादांना इतकं जपलं की त्यांना एक साधा प्रश्न विचारायची माया दाखवायला विसरलो.

शुक्रवारी ऑफिस करून संध्याकाळी दक्षिण इंग्लंडमधल्या आमच्या रेडिंगहून निघालो, मध्यरात्रीनंतर कार्लाइलजवळ मुक्कामाला पोचलो, साडेचार तास झोपलो आणि शनिवारी दुपारी बेन नेव्हिसजवळच्या फोर्ट विल्यमला. पहिलं पाऊल टाकण्याआधीच सगळ्यांची एक रात्र अर्धी गेलेली.

बेन नेव्हिस

पाचला घड्याळ सुरू केलं. पायथ्याच्या ग्लेन नेव्हिस दरीत 14 अंश, हलकं ऊन. वाट चांगली बांधलेली आहे. 1883 मध्ये शिखरावर हवामानाची वेधशाळा उभी राहिली तेव्हा सामान नेणाऱ्या घोड्यांसाठी केलेली. ती वेधशाळा 1904 मध्ये बंद पडली, भिंतींचे अवशेष अजून वर आहेत. 1894 च्या सप्टेंबरात सी. टी. आर. विल्सन नावाचा तरुण शास्त्रज्ञ तिथे दोन आठवडे राहिला होता. ढगांवर उन्हाने उमटणारी वलयं पाहून त्याला प्रयोगशाळेत ढग बनवायची कल्पना सुचली, त्यातून क्लाउड चेंबर, म्हणजे सूक्ष्म कणांच्या वाटा दाखवणारं उपकरण, तयार झालं आणि 1927 मध्ये त्याला नोबेल मिळालं. हे मी चढताना लेकीला सांगत होते. तेव्हा बोलायला दम होता.

अर्ध्या वाटेवरच्या तळ्यापाशी साडेसहाला पोचलो, अगदी वेळेवर. तिथून वर ढगात शिरलो. उंची वाढली की दर शंभर मीटरला साधारण अर्धा-पाऊण अंश तापमान घटतं. वर पाच-सहा अंश असणार होतं, त्यात बोचरा वारा. शिखरावर आठ पंचवीसला. पंचवीस-तीस मीटरपलीकडे काही दिसत नव्हतं.

बेन नेव्हिसचं शिखर म्हणजे सपाट, दगडांनी भरलेलं पठार. उत्तरेला सरळ कडा, आणि त्या कड्यातल्या घळी पठारात आत घुसलेल्या. वाट चुकून दक्षिणेकडे फार सरकलं तर दुसरी घळ. म्हणून धुक्यात उतरताना होकायंत्रावर ठरलेले दोन रोख पाळतात: शिखराच्या खांबापासून 231 अंशांवर 150 मीटर, मग 282 अंशांवर उतार लागेपर्यंत. ते दीडशे मीटर पावलांनी मोजायचे. माझी डाव्या पायाची 98 पावलं म्हणजे दीडशे मीटर, हे मी घरामागच्या मैदानावर टेपने मोजून ठेवलं होतं. हातात होकायंत्र, मागे पाच जण एकमेकांच्या सॅकवर नजर ठेवून, आणि मी मोठ्याने मोजतेय: एक्क्याण्णव, ब्याण्णव. अठ्ठ्याण्णवला थांबले, वळले, आणि आठ-दहा पावलांवर धुक्यातून दगडांचा उंच ढीग वर आला. त्या क्षणाचं समाधान शिखराहून मोठं होतं.

उतरताना दादा मागे पडायला लागले. गुडघा. विचारलं तर “चालतंय की.” खाली पोचायला दहा पन्नास झाले, पन्नास मिनिटं उशीर. कपडे बदलून गाडी हलली तेव्हा अकरा दहा. सगळ्यांनी कपडे बदलले, असं मी धरून चालले होते. दादा पुढच्या सीटवर बसले आणि म्हणाले, “मी काय, सुकलोय.”

वॉस्डेल

गाडीत कुणीही झोपलं नाही. लॉक लोमंड तळ्याच्या काठचा रस्ता वळणावळणाचा, पोटात ढवळत होतं. दोघा ड्रायव्हरांनी दोनदा अदलाबदल केली. पाच तीसला वॉस्डेल हेड. बारीक पाऊस, डोंगर कमरेपासून वर ढगात. वॉस्टवॉटर, इंग्लंडमधलं सगळ्यांत खोल तळं, शाईसारखं काळं.

इथे साधं गणित होतं. साडेबारा तास संपले होते, साडेअकरा उरले होते, आणि वेळापत्रकाप्रमाणे अजून तेरा तासांचं काम बाकी. म्हणजे 24 तास तिथेच हुकले होते. पण नाशिककराने मोबाइलवर दुसरं गणित मांडलं: स्कॅफेल सव्वातीन तासांत, स्नोडन सव्वातीन तासांत, आणि गाडी साडेचार तासांत. बरोबर अकरा. अर्धा तास शिल्लक!

मामा स्टिअरिंगवर डोकं टेकून बसले होते. त्यांनी मान वर केली. “गाडीतला वेळ माझा आहे. त्यातलं एक मिनिटही मी तुम्हाला देणार नाही.”

मी आजवर या मोहिमेबद्दल जेवढं वाचलंय-ऐकलंय त्यात डोंगराची भीती सगळे घालतात. रस्त्याची कुणी घालत नाही. रात्रभर जागलेला माणूस, आठ जणांची गाडी, आणि मागच्या सीटवरून सारखं कुणीतरी घड्याळ बघतंय. डोंगरावर हरवलेला वेळ भरून काढायचा मोह नेमका तिथे होतो. मामांनी तो दरवाजा बंद केला. तरी कुणी असं म्हणालं नाही की मग आता घाई कशाला. आम्ही घाईतच निघालो, पाच पन्नासला.

लिंगमेल गिलचा ओढा फुगला होता. पार करताना चौघांचे बूट भरले. ब्राउन टंगचा दगडी जिना चढून हॉलो स्टोन्सच्या मोठ्या खडकांपाशी आलो तेव्हा सात वीस. समोर फक्त पांढरं. दादा शेवटी होते, माझा नवरा त्यांच्यासोबत. गेला अर्धा तास ते एक शब्द बोलले नव्हते. आम्ही समजलो, वहिनींची आठवण येत असेल. म्हणून आम्हीही गप्प.

लेक त्यांच्याकडे बघत होती. दादांच्या जॅकेटची चेन छातीपर्यंत उघडी होती आणि ते ती लावायचा प्रयत्न करत होते. बोटं चेनवर जायची, निसटायची, पुन्हा जायची. चेहऱ्यावर त्रास नव्हता, चिडचिडही नव्हती, जणू ते हात दुसऱ्या कुणाचे होते. लेक म्हणाली, “बाबा, चेन लावून दाखवा.”

“चालतंय की,” ते म्हणाले. पण शब्द जड, एकमेकांना चिकटलेले, दारू प्यायलेल्या माणसासारखे. दादा दारूला शिवत नाहीत.

माझ्या काळजात धस्स झालं. अडखळणं, पुटपुटणं, हातातून वस्तू सुटणं, गप्प होणं, ही अंग गारठू लागल्याची लक्षणं मी दोन महिन्यांपूर्वी स्वतःच्या हाताने लिहून सगळ्यांना पाठवली होती. आणि अर्धा तास ती माझ्या मागून चालत येत होती.

माझ्या सॅकमध्ये ग्रुप शेल्टर होतं. नारिंगी नायलॉनची मोठी पिशवी असते ती. सगळ्यांनी डोक्यावरून ओढून घ्यायची आणि सॅकवर बूड टेकून गुडघ्याला गुडघे लावून बसायचं. दोन मिनिटांत आत श्वासांची ऊब धरते, बाहेर वारा आपटत राहतो. आत दादांचं जॅकेट काढलं. जॅकेट उत्तम होतं, नवं, महागडं. त्याखाली लोकरी स्वेटर, तोही चांगला. आणि त्याखाली, कातडीला चिकटलेला, पाणी पिळावं इतका ओला, सुती सँडो बनियन. आदल्या संध्याकाळी पाचपासून अंगावर. बेन नेव्हिसचा घाम, गाडीतली रात्र आणि आताचा पाऊस, सगळं त्यात.

आम्ही बुटांचे तळवे तपासले होते. टॉर्चच्या बॅटऱ्या मोजल्या होत्या. पण 52 वर्षांच्या माणसाला तुम्ही आत काय घातलंय हे कोण विचारणार? आमच्या घरांतल्या पुरुषांना बनियन न घालता बाहेर पडलं तर उघडं पडल्यासारखं वाटतं. आणि सुती कापड भिजलं की ऊब धरायचं सोडाच, अंगातली ऊब ओढून घेतं. लेकीनेच तो काढला. स्वतःचा कोरडा थर त्यांच्या अंगात घातला, त्यावर माझ्या नवऱ्याचं पिसांचं जॅकेट. थर्मासमधला आल्याचा गोड चहा घोटाघोटाने दिला. खिशातले राजगिऱ्याचे लाडू तेवढे कामी आले, कारण गारठलेल्या बोटांनी चॉकलेटची वेष्टनं फाडता येत नाहीत. हातपाय चोळले नाहीत; चोळायचे नसतात. थोड्या वेळाने दादा जोरजोरात कापायला लागले. ते चांगलं लक्षण होतं. अंग न तापताच कापणं थांबलं की मग खरी भीती.

मग तिथेच, त्या नारिंगी उजेडात, प्रश्न आला. नाशिककर म्हणाला, “तुम्ही दोघं दादांना घेऊन उतरा. आम्ही तिघं पटकन वर जाऊन येतो. लोकांनी पैसे दिलेत, एक तरी फोटो पाहिजे.” त्याचा स्वर वाईट नव्हता. तो तंदुरुस्त होता, आणि वर जायला तास पुरला असता. दादा म्हणाले, “जाऊ दे त्यांना. माझ्यापायी कशाला?” आता शब्द स्पष्ट होते.

मी नाही म्हटलं. माझी कारणं तत्त्वाची नव्हती, सामानाची होती. कागदी नकाशा एक, माझ्याकडे. होकायंत्राने धुक्यात चालवता येणारी व्यक्ती एक, मी. शेल्टर एकच. गट फुटला की एका अर्ध्याकडे यातलं काहीच उरणार नव्हतं. स्कॅफेल पाइकवरून परतताना लिंगमेल कोल या खिंडीत धुक्यात वाट चुकली तर माणूस पिअर्स गिलच्या घळीकडे भरकटतो. तिथल्या अपघातांची यादी लांब आहे. सगळी महत्त्वाची साधनं एकाच सॅकमध्ये, एकाच माणसाकडे ठेवणं ही चूक माझी. ती आधी केल्यावर आता गट फोडायचा हक्क आम्हाला उरला नव्हता.

आणखी एक गोष्ट मनात होती. इथे डोंगरावर अडकलं की 999 फिरवून पोलिसांकडे माउंटन रेस्क्यू मागायचं असतं. जे येतात ते त्याच भागातले स्वयंसेवक: शेतकरी, शिक्षक, गवंडी. पगार नाही, कुणाकडून पैसे घेत नाहीत, आणि तेही देणग्यांवरच चालतात. वॉस्डेलच्या पथकाला थ्री पीक्सवाल्यांसाठी वर्षानुवर्षं रात्री-अपरात्री धावावं लागलंय. एका धर्मादाय कामासाठी निघायचं आणि आपल्या हट्टापायी दुसऱ्या धर्मादाय कामातल्या माणसांना अंथरुणातून उठवायचं, हे मला पटेना.

निर्णय मात्र मी एकटीने घेतला असं म्हणणं खोटं ठरेल. लेकीने मनगटावरचं घड्याळ सगळ्यांना दाखवलं, सात बेचाळीस, आणि स्टॉपवॉचचं बटण दाबलं. “मावशी, मी थांबवलं.” मग कुणी काही बोललं नाही. नाशिककराने दादांची सॅक स्वतःच्या सॅकवर चढवली आणि सगळ्यांत पुढे उतरायला लागला. नऊ वीसला आम्ही गाडीपाशी होतो.

त्याचं आजही म्हणणं आहे की ते तिघे जाऊन आले असते. आले असतेही.

सोमवार

दुपारपर्यंत गाडीत झोपलो. मामांनी आणि त्यांच्या मित्राने सहा तास चावीला हात लावला नाही. संध्याकाळी सावकाश उत्तर वेल्स गाठलं, पोटभर जेवलो, बिछान्यात झोपलो. सोमवारची रजा थकवा घालवायला घेतली होती, ती कामी आली. सकाळी बेतुस-इ-कोडच्या दुकानातून दादांसाठी मरिनो लोकरीचा आतला थर घेतला. पेन-इ-पासच्या पार्किंगचं आमचं आरक्षण रविवारचं होतं, ते वाया गेलेलं. गाडी खाली ठेवून बसने वर गेलो.

स्नोडन आम्ही साडेसात तासांत केलं. घड्याळवाले ते चारात करतात. पिग ट्रॅकने वर, मायनर्स ट्रॅकने खाली, तळ्याकाठी थांबत. शिखरावर रेल्वे येते, उपाहारगृह आहे, फोटोला रांग असते. दादा रांगेत उभे राहिले नाहीत. थोडं खाली एका दगडावर बसून त्यांनी लेकीला वहिनींची एक गोष्ट सांगितली. ती काय होती ते त्या दोघांनाच माहीत.

पैशांचं काय

तीन हजार पौंडांचं उद्दिष्ट होतं आणि निघायच्या आदल्या दिवशीच आकडा त्यापुढे गेला होता. गाडी, डिझेल, मुक्काम, खाणं हा सगळा खर्च आम्ही पदरचा केला होता. देणगीतला एक पेनीही त्यात वळवायचा नाही, हे देणग्या गोळा करायच्या आमच्या पानावर लिहिलेलं होतं. इथे कर भरणाऱ्या देणगीदाराने गिफ्ट एडची खूण केली की सरकार संस्थेला प्रत्येक पौंडामागे 25 पेन्स जास्तीचे देतं, तेही मिळणार होते. हिशोब स्वच्छ होता. पण पानावर ‘24 तासांत तीन शिखरं’ असंही लिहिलं होतं.

नागपूरकराचं मत होतं की काही लिहू नये, कुणी विचारणार नाही. माझ्या नवऱ्याचं मत होतं की ‘खराब हवामानामुळे’ एवढं लिहावं. दादांनी दोन्ही मोडून काढलं. त्यांनी स्वतः मजकूर लिहिला: दोन शिखरं झाली, दोन दिवसांत, तिसऱ्यावरून माझी तब्येत बिघडली म्हणून परत आलो, चूक माझ्या कपड्यांची होती, तुम्ही 24 तासांसाठी पैसे दिले असतील तर सांगा, परत करू. प्रत्येक देणगीदाराला वेगळा निरोप गेला.

एकाने परत मागितले. वीस पौंड. तो ऑफिसमधला ओळखीचा माणूस, त्याने पैज लावल्यासारखे दिले होते आणि तसं सरळ लिहिलं. संस्थेकडे गेलेले पैसे काढायचा प्रश्नच नव्हता. दादांनी खिशातून दिले, आभार मानून. आम्हाला राग आला होता. दादांना आला नाही. “त्यानं खरं सांगितलं,” म्हणाले, “मी काल सांगत नव्हतो.” बाकीच्यांपैकी काहींनी आणखी पैसे टाकले, बहुतेकांनी काहीच उत्तर दिलं नाही.

गेल्या वर्षी

गेल्या जूनमध्ये तोच गट पुन्हा गेला, त्याच हॉस्पिससाठी. तीन शिखरं, तीन दिवस, रोज एक. पानावर तासांचा उल्लेख नाही. देणग्या किंचित कमी आल्या. घड्याळ असलं की लोक जास्त देतात, हे खरं आहे आणि मला ते खटकतं. नेतृत्व लेकीकडे. नकाशे तीन, शेल्टर दोन, आणि माझ्याकडून होकायंत्र शिकलेले आणखी दोघे, त्यात नाशिककर एक. प्रत्येक डोंगरावर परत फिरायची वेळ आधी लिहून मामांकडे दिलेली. ती टळली आणि खाली निरोप आला नाही तर पुढे काय करायचं हेही त्यांच्याकडे लिहिलेलं.

स्कॅफेल पाइक झालं. शिखरावरच्या दगडी चौथऱ्यात एक पाटी आहे: पहिल्या महायुद्धात पडलेल्या लेक डिस्ट्रिक्टच्या माणसांच्या स्मरणार्थ हे शिखर लॉर्ड लेकनफील्डने 1919 मध्ये नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेला दिलं. आदल्या वर्षी आम्ही तिच्यापासून साडेतीनशे-चारशे मीटर खाली बसलो होतो.

त्या दिवशी सकाळी वॉस्डेलच्या पार्किंगमध्ये लेक हातात यादी घेऊन उभी होती. एकेकाला समोर बोलवायची: आतला थर कुठला, जास्तीचे मोजे कुठे, शिट्टी दाखव. माझी पाळी झाली, नवऱ्याची झाली. दादांची यायच्या आधीच ते पुढे झाले, जॅकेटची चेन एका झटक्यात खाली ओढली आणि छाती पुढे काढून म्हणाले, “घ्या बघून. लोकर आहे.” लेकीने तरीही कॉलरमध्ये दोन बोटं घालून कापड चाचपलं, मग यादीवर त्यांच्या नावापुढे खूण केली आणि म्हणाली, “चेन लावा, बाबा.” त्यांनी लावली.